सफारी पार्क आणि झू एकाच दिवसात करायचंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पूर्ण प्लॅन

सफारी पार्क आणि प्राणीसंग्रहालय दोन्ही एकाच आवारात असेल तर एका दिवसात दोन्ही होतं, अगदी आरामात होतं, फक्त एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून जा की सगळं बघून होणार नाही आणि सगळं बघायचं पण नाहीये. शंभर प्राणी धावत धावत बघून आलेल्या माणसाला संध्याकाळी विचारा काय बघितलं, तो सांगेल वाघ झोपला होता, सिंह झोपला होता, अस्वल दिसलंच नाही. आणि जो माणूस पाच-सहा प्राण्यांसमोर नीट थांबला त्याच्याकडे सांगायला भरपूर असतं. खालचा सगळा प्लॅन याच हिशोबाने आहे.

आधी थोडं बेसिक, कारण नवीन लोकांचा यात गोंधळ होतो. झूमध्ये आपण पायी फिरतो आणि प्राणी कुंपणाच्या, काचेच्या किंवा खंदकाच्या पलीकडे असतो. हा खंदकवाला प्रकार पहिल्यांदा नीट करून दाखवला जर्मनीतल्या कार्ल हागेनबेकने, १९०७ साली हॅम्बुर्गजवळ त्याने गज काढून टाकले आणि खोल चर मारून सिंह लोकांना उघड्यावर दिसतील असं प्राणीसंग्रहालय उभं केलं. सफारी पार्कमध्ये प्राणी मोठ्या मोकळ्या जागेत असतात आणि आपण बंद गाडीतून त्यांच्यामधून जातो. आफ्रिकेच्या बाहेर गाडीतून बघायचं पहिलं सफारी पार्क इंग्लंडमध्ये लाँगलीटला १९६६ साली सुरू झालं, तिथून ही कल्पना जगभर पसरली. दोन्हीकडचे नियम वेगळे, वागायची पद्धत वेगळी, त्यामुळे दोन्हीची तयारी पण वेगळी.

जायच्या आधी घरी बसून करायची कामं

वेबसाइट उघडा आणि एवढं बघा: साप्ताहिक सुट्टी कधी, सफारीचं तिकीट झूच्या तिकिटात येतं की वेगळं, सफारीला ठराविक वेळेचे स्लॉट आहेत का, शेवटची एंट्री किती वाजता, आणि कुठला भाग दुरुस्तीसाठी बंद आहे का. शेवटचं कोणी बघत नाही आणि नेमका ज्यासाठी पोरं हट्ट करून आलेली असतात तोच पिंजरा बंद निघतो. मिळत असेल तर सफारीचा सकाळचा सगळ्यात पहिला स्लॉट घ्या, याच्यावर तडजोड करू नका. बहुतेक मोठे प्राणी पहाटे आणि संध्याकाळी हालचाल करतात, ऊन चढलं की सावली शोधून आडवे होतात. ढगाळ दिवस असेल तर प्लॅन कॅन्सल करू नका, उलट खुश व्हा, उन्हाचा कडाका नसेल तर प्राणी जास्त वेळ बाहेर दिसतात.

दुसरं म्हणजे गाडी कुणाची. काही पार्कात त्यांचीच बस किंवा जाळीची गाडी असते, काही ठिकाणी स्वतःची कार आत नेता येते. स्वतःची नेणार असाल तर टाकी भरलेली हवी, एसी चालू हवा कारण काचा बंद ठेवायच्यात, टायरची हवा बघून घ्या आणि कापडी टपाची गाडी असेल तर ती आत सोडत नाहीत. माकडांचा वेगळा विभाग असेल तर तिथे जायच्या आधी नीट विचार करा, वायपर, एरियल, आरशाचं कव्हर, दरवाजाची रबरं हे सगळं त्यांना खेळणं वाटतं. बऱ्याच ठिकाणी त्या भागाला बाजूने जायचा रस्ता दिलेला असतो, गाडीवर जीव असेल तर सरळ तो पकडा. घरचा कुत्रा सोबत न्यायचा विचार सोडून द्या, सिंहाच्या वासाने त्याची काय अवस्था होते आणि त्याच्या भुंकण्याने आतल्या प्राण्यांची काय होते याची कल्पना करा.

बॅगेत काय

पाणी, टोपी, वापरलेले जुने बूट (नवे कोरे बूट घालून येऊ नका, दिवसभर चालायचंय), पावसाळा असेल तर रेनकोट, रोजची औषधं, मोबाईलचा चार्जर. खाकी कपडेच हवेत असं काही नाही, झूमधले प्राणी रोज हजार रंगाची माणसं बघतात, त्यांना तुमच्या लाल शर्टाचं काही पडलेलं नाही, आवाजाचं मात्र पडलंय.

आणि एक वस्तू जी नव्वद टक्के लोक नेत नाहीत, दुर्बीण. उधार घ्या, साधी घ्या, पण घ्या. ८ बाय ४२ लिहिलेली मिळाली तर उत्तम, म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची भिंग ४२ मिलिमीटरची, त्यामुळे सावलीतलं पण स्पष्ट दिसतं. सफारीत लांब झाडाखाली जो पिवळा ठिपका दिसतो ना, दुर्बिणीतून त्याच्या मिशा दिसतात, कान हलताना दिसतो, डोळा अर्धा उघडा आहे हे कळतं. मोबाईलचा झूम त्याच्या जवळपास पण जात नाही.

फुगे, बॉल, उडून जाणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, हे घरी ठेवा. वाऱ्याने पिशवी एकदा खंदकाच्या पलीकडे गेली की हरीण ती खाऊ शकतं, आणि रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात प्लास्टिक अडकलं की ते बाहेर पडत नाही, साठत जातं आणि शेवटी प्राणी मरतो. खाण्याचे डबे घट्ट झाकणाचे, बॅगेच्या तळाशी.

सफारी

गेटवर पोचलात की दोन दरवाजे दिसतील, पहिला उघडणार, गाडी मधल्या जागेत थांबणार, मागचा बंद होणार आणि मगच पुढचा उघडणार. वाघ-सिंहांच्या प्रत्येक विभागात असंच असतं. एका वेळी एकच दरवाजा उघडा, म्हणजे चुकून एखादा प्राणी आतून आला तरी मधल्या जागेतच अडकतो. तिथे हॉर्न वाजवून घाई करू नका, त्या माणसाचं काम फार महत्त्वाचं आहे.

आत गेल्यावर काचा पूर्ण वर. दोन बोटांची फट पण नको. मुलांच्या बाजूचं लॉक लावून टाका. कितीही शांत दिसला तरी गाडीतून उतरायचं नाही, पडलेली टोपी उचलायला पण नाही. गाडी बंद पडली तर आतच बसा, तिकिटावर किंवा गेटवर लिहिलेल्या नंबरला फोन लावा आणि सांगितलेली खूण करा, हॉर्न किंवा इंडिकेटर जे असेल ते, त्यांची गाडी येते. वाटेत प्राणी बसला असेल तर तो उठेपर्यंत थांबायचं, रस्ता त्याचा आहे. पार्कची बस असेल तर ड्रायव्हरला अजून जवळ घ्या, हॉर्न मारून उठवा असा आग्रह कृपा करून करू नका, त्या प्राण्याच्या दिवसात अशा किती गाड्या येतात ते एकदा मोजून बघा.

आता बघायचं कसं. लोक मोकळ्या मैदानात नजर फिरवतात आणि म्हणतात काहीच नाही. आधी सावल्या बघा, मग पाण्याची कड, मग उंचवटे. सिंह दिवसाचे सोळा ते वीस तास आराम करतो, म्हणजे झोपलेला सिंह हाच नॉर्मल सिंह, आजारी नाही आणि त्याला औषध देऊन झोपवलेलं पण नाही, हा प्रश्न प्रत्येक गाडीत कुणीतरी विचारतंच. झोपलेल्या कळपात पण बघण्यासारखं असतं, कोण कुणाच्या अंगावर पाय टाकून पडलंय, शेपटीचा गोंडा कुणाचा हलतोय, पिल्लं कुणाला त्रास देतायत. वाघ मात्र पाण्याजवळ शोधा, त्याला पाणी आवडतं आणि गरमीत तो मागच्या बाजूने पाण्यात शिरून बसतो. तो पाठमोरा असेल तर कानांच्या मागचे पांढरे ठिपके बघा, लांबून डोळ्यांसारखे दिसतात. चित्ता उंचवट्यावर बसलेला मिळतो, त्याला लांबवर बघायचं असतं. गेंडा चिखलात, कारण चिखलाचा थर उन्हापासून आणि किड्यांपासून वाचवतो. गेंड्याची नजर कमजोर पण कान आणि नाक फार तिखट, गाडी थांबली की त्याचे कान नळीसारखे वेगवेगळ्या दिशेला वळताना दिसतील, ते बघायला खरंच मजा येते.

जिराफ गाडीजवळ आला तर जीभ बघा, साधारण ४५ सेंटीमीटर लांब आणि काळपट जांभळी, काट्यांमधून पानं ओढून घ्यायला. मग तो रवंथ करत असेल तर मानेवर नजर ठेवा, खालून घासाचा गोळा वर चढताना चक्क दिसतो. हे एकदा दाखवलं की मुलं तिथून हलत नाहीत.

हत्ती असतील आणि एखादा कान पसरून, डोकं वर करून थेट तुमच्याकडे बघत उभा राहिला तर तो फोटोसाठी पोझ देत नाहीये, लांब रहा म्हणून सांगतोय. गाडी हळू मागे घ्या, इंजिन रेज करू नका. फेरी झाली आणि नियमात बसत असेल आणि गर्दी नसेल तर अजून एकदा फिरा, दुसऱ्या फेरीत डोळे तयार झालेले असतात आणि पहिल्यांदा न दिसलेलं बरंच दिसतं.

मग पायी, झूमध्ये

नकाशा घ्या किंवा गेटवरच्या बोर्डाचा फोटो काढा. आता सगळ्यांनी मिळून पाच-सहा प्राणी निवडा, प्रत्येकाने एक, लहानात लहान मुलाने पण. बाकीचे वाटेत लागतील ते बोनस. मग कीपर लोकांच्या गप्पांची आणि खाद्य देण्याची वेळ कुठे लिहिलीय ते शोधा आणि दिवस त्या वेळांभोवती बांधा. कीपर ज्या प्राण्याला रोज साफसफाई करून, वजन करून, खाऊ घालून ओळखतो त्याच्याबद्दल तो जे सांगेल ते कुठल्याच पाटीवर नसतं. त्याला विचारा हा कुणाशी भांडतो, याला काय आवडत नाही, ट्रेनिंग कसं देता. बऱ्याच झूमध्ये वाघ-अस्वलांना जाळीला अंग टेकवून इंजेक्शन घ्यायला शिकवतात, म्हणजे प्रत्येक वेळी बेशुद्ध करावं लागत नाही, हे बघायला मिळालं तर सोडू नका.

गर्दी टाळायची साधी युक्ती म्हणजे लोक गेटपासून सुरू करतात, तुम्ही सरळ टोकाला जा आणि उलटे या.

निवडलेल्या प्राण्यासमोर किमान पंधरा-वीस मिनिटं थांबा. खरंच घड्याळ लावून थांबा. पहिली पाच मिनिटं काही होत नाही, लोक तेवढ्यातच निघून जातात. मग एखादं अस्वल उठतं आणि ओंडक्याच्या भोकात लपवलेलं खाणं काढायला लागतं. हे कीपर लोक मुद्दाम लपवतात, बर्फात गोठवलेली फळं, पोत्यात कोंबलेलं गवत, मसाल्याचा वास लावलेले ओंडके, कारण जंगलात अन्न शोधण्यात जो वेळ आणि डोकं जातं ते इथे ताटात मिळालं तर प्राणी कंटाळतो. कंटाळलेला प्राणी एकाच रेषेत येरझाऱ्या घालतो किंवा डोकं एकसारखं हलवत राहतो. असं दिसलं तर लगेच निष्कर्ष काढू नका, खाण्याची वेळ जवळ आली की पण प्राणी दरवाजापाशी फेऱ्या मारतात, पण दिवसात दोन-तीनदा जाऊन तेच दिसलं तर कीपरला जरूर विचारा. अशा प्रश्नांचं नीट उत्तर देणारी झू ही चांगल्या झूची खूण आहे असं माझं ठाम मत आहे.

माकडांसमोर एक लक्षात ठेवा, डोळ्यात डोळे घालून बघणं म्हणजे त्यांच्यात धमकी असते. आणि चिंपांझी दात विचकतो तेव्हा आपल्याला तो हसतोय असं वाटतं, बऱ्याचदा तो घाबरलेला असतो. त्याची नक्कल करणारे लोक दिसतील, मुलांना तिथून शांतपणे बाजूला घ्या.

सापांच्या घरात काचेवर टकटक करू नका. सापाला बाहेरचे कान नसले तरी थरथर त्याला चांगली कळते आणि दिवसभर अशी थरथर म्हणजे छळ आहे. निशाचर प्राण्यांच्या अंधाऱ्या घरात लोक आत शिरतात, काहीच दिसत नाही म्हणतात आणि बाहेर पडतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, आत एका कोपऱ्यात गप्प उभे रहा, मोबाईल खिशात, पाच-दहा मिनिटांनी हळूहळू आकार दिसायला लागतील. तिथे घड्याळ उलटं केलेलं असतं, रात्री दिवे लावून दिवसा अंधार करतात म्हणजे आपल्या वेळेत ते प्राणी जागे. तिथे टॉर्च मारला तर तुमचंही बिघडलं आणि त्यांचंही.

फ्लेमिंगोजवळ मुलांना एक प्रश्न विचारा, याचा गुडघा मागे का वाकतो? तो गुडघा नसतोच, घोटा असतो, खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. आणि गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळं आणि छोट्या कोळंबीसारख्या जीवांमधल्या रंगद्रव्यामुळे, झूमध्ये तसं खाद्य दिलं नाही तर तो फिका पडतो.

पांढऱ्या वाघासमोर सगळ्यात जास्त गर्दी असते म्हणून सांगतो, ती वेगळी जात नाही, साध्या वाघातलाच रंगाचा जनुकीय फरक आहे आणि तो रंग टिकवण्यासाठी जवळच्या नात्यात पैदास केली गेली, त्यातून तिरळे डोळे आणि बाकी व्यंगं येतात. बघा जरूर, पण जंगली वाघ वाचवण्याशी याचा काही संबंध नाही हे मुलांना सांगा.

याच्या उलट, पाटीवर अरबी ऑरिक्स किंवा प्रेवाल्स्की घोडा असं नाव दिसलं आणि समोर साधं हरीण किंवा बुटकं घोडं दिसलं तर पुढे निघून जाऊ नका. अरबी ऑरिक्स जंगलातून १९७२ मध्ये संपला होता. त्याआधी १९६२ मध्ये काही जनावरं पकडली होती, ती पुढच्या वर्षी अमेरिकेत फीनिक्सच्या झूमध्ये नेली आणि त्यांच्यासोबत बाकी ठिकाणची थोडी मिळून कळप वाढवला, १९८२ मध्ये ओमानमध्ये परत सोडले. प्रेवाल्स्की घोडा पण मोकळ्या रानातून नाहीसा झाला होता, झूमधल्या वंशातून १९९२ पासून मंगोलियात परत नेला. कॅलिफोर्निया काँडोर नावाचं गिधाड १९८७ मध्ये जगात फक्त २७ उरलं होतं आणि सगळेच्या सगळे पिंजऱ्यात होते. तर प्रत्येक पाटीवर प्राणी किती धोक्यात आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचा, मग समोरचा प्राणी वेगळाच दिसायला लागतो.

खायला घालणं, यावर मी जरा कडक बोलणार. नाही म्हणजे नाही. एक बिस्किट काय होतंय असं प्रत्येकाला वाटतं आणि त्या दिवशी तिथे पाच हजार माणसं असतात. हरणं, काळवीट अशा प्राण्यांच्या पोटात ब्रेड, धान्य जास्त गेलं की आम्ल वाढतं आणि ते दगावू शकतात. झू स्वतः ठराविक चारा देऊन मुलांना जिराफाला भरवायला देत असेल तर तो वेगळा विषय, तिथे खुशाल भरवा, तळहात सपाट ठेवून.

फोटो

फ्लॅश बंद, कायमचा बंद. काच असेल तर लेन्स काचेला अगदी चिकटवा आणि हाताने आडोसा करा, प्रतिबिंब जातं. जाळी असेल तर मोबाईल जाळीच्या भोकात धरा, कॅमेरा असेल तर झूम करून जाळीच्या जवळ उभे रहा आणि प्राणी जाळीपासून लांब असताना क्लिक करा, जाळी धूसर होऊन नाहीशी होते. पण मधल्या कठड्याच्या पलीकडे हात घालून जाळीपर्यंत पोचायचं नाही, तो कठडा तेवढ्या अंतरावर मुद्दाम ठेवलेला असतो. आणि दहा फोटो झाले की फोन ठेवा आणि नुसतं बघा.

मुलं आणि आजी-आजोबा

लहान मूल कठड्यावर उभं करायचं नाही, बसवायचं नाही, तुमचा हात धरलेला असला तरी नाही. बघता येत नसेल तर खांद्यावर घेऊन कठड्यापासून दोन पावलं मागे उभे रहा. आत शिरल्या शिरल्या भेटायची एक जागा ठरवा, आणि मुलाच्या मनगटावर पेनने मोबाईल नंबर लिहा. हात लावायचे प्राणी असतील, शेळ्या, ससे, कासवं, तर बाहेर आल्यावर साबणाने हात धुवा, खाण्याच्या आधी नक्की, कारण कासवं-सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नका. आजी-आजोबांसाठी बॅटरीची गाडी किंवा व्हीलचेअर मिळते का ते गेटवरच विचारा, नंतर संपतात.

दुपार ते संध्याकाळ

दुपारी बारा ते तीन बाहेरचे प्राणी झोपतात, तुम्ही पण बसा. जेवण, मत्स्यालय, साप, अंधारं घर, सगळं छपराखालचं याच वेळेत. थकलेल्या मुलाला ओढत फिरवू नका, अर्धा तास झाडाखाली झोपू द्या. मग साडेतीन-चारनंतर तुमच्या निवडलेल्या प्राण्यांकडे परत एक चक्कर मारा, सकाळी जो गोळा होऊन पडला होता तोच आता फिरताना दिसेल. फक्त एक बघा, बऱ्याच ठिकाणी मुख्य गेट बंद व्हायच्या तासभर आधीच प्राण्यांना रात्रीच्या खोलीत घेतात, त्यामुळे सगळ्यात आवडता प्राणी अगदी शेवटासाठी ठेवू नका.

कधी स्पीकरवरून इमारतीत जा अशी सूचना आली तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही, सगळ्यात जवळच्या बंद खोलीत शिरायचं आणि स्टाफ सांगेपर्यंत बाहेर यायचं नाही. झूमध्ये याचा सराव पण घेतात, त्यामुळे बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं.

दिवसभरात काही खटकलं असेल, पाण्यात प्लास्टिक तरंगताना दिसलं, एखादा प्राणी लंगडत होता, कुणी दगड मारत होतं, तर घरी जाऊन पोस्ट टाकायच्या आधी तिथल्याच स्टाफला सांगा, कुठला पिंजरा आणि किती वाजता ते नेमकं सांगा, फोटो असेल तर दाखवा. प्लास्टिक त्याच संध्याकाळी काढता येतं, आणि लंगडणाऱ्या प्राण्याला रात्रीच्या खोलीत घेतल्यावर डॉक्टरला जवळून बघता येतं.